मानेचे सहा आकडे

पुणे
३ फेब्रुवारी २०२५

संगमेश,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही. विसरले नाही, मुद्दामच लिहिलं नाही. माझा फोन कंपनीचा होता, तो त्यांनी तपासायला काढून घेतला आहे. नवीन नंबर घेतला आहे, पण तो तुला द्यायचा नाही, म्हणून हे पत्र.

शुक्रवारी दुपारी आमच्या विभागप्रमुख करिष्मा मॅडमनी मला आत बोलावलं. टेबलावर तुझ्या 'वळण' सॉफ्टवेअरची छापील पानं होती. एका ओळीखाली लाल रेघ. "हे वाक्य ओळखता का?" म्हणाल्या. ओळखणार नाही कशी, मीच ते आमच्या यंत्रात बसवलं आहे. मग त्यांनी शेवटचं पान उलटलं. "आणि हा संगमेश शेटे, नांदूरघाटचा? तुमच्या आडनावाचा दिसतो." मी म्हटलं, भाऊ आहे. "सख्खा?" हो म्हटलं. त्यांनी ते लिहून घेतलं आणि पेनाला टोपण लावलं.

तुला माहीत नाही असं समजून सांगते. खेळणाऱ्याचं डोकं किती वळलं ते आमचं यंत्र गेमला कळवतं. गेम सुरू होताना यंत्राला ओळख विचारतो, यंत्र ते एक वाक्य सांगतं, मगच गेम त्याचं ऐकतो. ते वाक्य कंपनीने स्वतःच्या नावावर नोंदवलेलं लेखन आहे. दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरने ते वापरलं तर चोरी ठरते. चोरी ठरावी म्हणूनच ते तिथे आहे.

तुला ते कुठून मिळालं हे मला लेखी कळव. आणि आठ दिवसांत ती आवृत्ती इंटरनेटवरून काढून टाक.

अण्णांना यातलं काही सांगू नकोस.

शिवानी


नांदूरघाट
९ फेब्रुवारी २०२५

अक्का,

पोस्टमन शहादेवनं पत्र किराणा दुकानात आणून दिलं. अण्णाच्या हातात पडलं न्हाई हे बरं झालं.

हे पत्र तू तुझ्या मॅडमला दाखवशील, म्हून सगळं सोडवून लिहितो. मी बोलतो तसंच लिहिणार, त्यांना कळलं न्हाई तर तू सांग.

गुरुपाद शेटे, माझे वडील. नांदूरघाट ते बीड, नांदूरघाट ते लातूर, सव्वीस वर्षं टेम्पो चालवला. दोन वर्षांमागं लकवा झाला, डावा हात आन डावा पाय गेला. मानबी डावीकडं वळंना. डॉक्टर म्हणले, रोज पन्नास वेळा मान वळवा. अण्णानं एक दिवस वळवली आन म्हणला, मी काय नंदीबैल हाय का. मग मी त्याला बसचा गेम लावून दिला. उजव्या हातानं स्टिअरिंग धरता येतं, पण डावीकडचा आरसा बघायचं बटण दाबायला दुसरा हात कुठून आणायचा? त्याच्यासाठी वळण. टोपीला तीन बारके दिवे, पुढं साधा वेबकॅम. टोपी वळली की सॉफ्टवेअर हिशेब करतं आन बसमधली नजर वळती. मान इतकुशी वळवली तरी चित्र लई वळतं, त्यामुळं डोळे पडद्यावरून हलत न्हाईत. गेममधल्या परदेशी घाटाला अण्णा आपला मांजरसुंब्याचा घाट म्हणतो. तीन महिन्यांत मान वळाया लागली.

वळण फुकट हाय. आत काय लिहिलंय ते कुणीबी उघडून बघावं. अकराशे लोक वापरतात. त्यातला एक लिंबागणेशचा अभिमन्यू. त्याचा डावा हात मळणीयंत्रात गेला. तो ट्रॅक्टरचा गेम खेळतो.

मागच्या ऑगस्टात बसच्या गेमनं तुमच्या कंपनीसंगं करार केला आन दार लावून घेतलं. आता तुमच्या यंत्राशिवाय कुणाचं ऐकत न्हाई. दिवाळीनंतर ट्रॅक्टरचा गेमबी त्याच वाटेनं गेला. अकराशे माणसं मान वळवत बसली आन चित्र जागचं हलंना. म्हून मी ते वाक्य टाकलं. इंटरनेटवर कुणीतरी टाकलं व्हतं, तिथून घेतलं.

काढणार न्हाई. एका वाक्यासाठी माणसाची मान कावून अडवावी, हे तुझ्या मॅडमनं मला लेखी कळवावं.

संगमेश


पुणे
१७ फेब्रुवारी २०२५

संगमेश,

तू खोटं बोललास, आणि तेही लेखी.

आमच्या प्रत्येक यंत्रात त्या वाक्याच्या शेवटी एक क्रमांक असतो. दिसत नाही, पण असतो. तू वाक्य उचललंस तेव्हा क्रमांकासकट उचललंस. तो क्रमांक नोव्हेंबर २०२३ मध्ये माझ्या नावावर, कर्मचारी म्हणून, घेतलेल्या यंत्राचा आहे. अण्णांना मी दिवाळीला आणलेलं तेच. करिष्मा मॅडमनी क्रमांक वाचून दाखवला आणि विचारलं, "हे यंत्र आता कुठे आहे?" मी म्हटलं, वडिलांच्या उशाशी. त्या हसल्या नाहीत. शुक्रवारी मला निलंबित केलं. चौकशी होणार आहे.

वडिलांना दिलेली भेट तू पाठ फिरल्यावर फोडलीस. तुला एक फोन करता आला नसता?

तू स्वतःला गरिबांचा कैवारी समजतोस, तर हेही ऐक. त्या यंत्राच्या भिंगावर मी सात वर्षं घालवली आहेत. खोलीत ट्यूबलाइट असो, खिडकीतून ऊन येवो, ते टोपीवरच्या दिव्याचा बिंदू चुकवत नाही. तुझा वेबकॅम संध्याकाळी बल्ब लावला की गोंधळतो, हे तुझेच लोक तुझ्या पानावर लिहितात. पहिल्या वर्षी आमच्या यंत्राच्या तीन नकला बाजारात आल्या. वाक्य नसतं तर चाळीस माणसं घरी बसली असती. छबुबाई नावाच्या एक बाई आमच्याकडे रोज दोनशे दिवे सोल्डर करतात. त्यांना सांग, सगळं उघडं असावं म्हणून.

वकिलाची नोटीस या आठवड्यात तुझ्या दुकानाच्या पत्त्यावर येईल. मी थांबवू शकत नाही, आणि शकले असते तरी थांबवली नसती.

शिवानी


नांदूरघाट
१ मार्च २०२५

अक्का,

नोटीस आली. बारा पानं, सगळी इंग्रजी.

हो, तुझ्या यंत्रातून घेतलं. खोटं लिहिलं ही माझी गलती. कावून लिहिलं ते सांगतो. तुझं यंत्र चांगलं व्हतं. वेबकॅमपेक्षा चांगलं, हे मी अण्णासमोर कधी म्हणलो न्हाई, आता लिहितो. अण्णा रोज तेच लावायचा. मग डिसेंबरात एक दिवस पडद्यावर चार ओळी आल्या. हे मॉडेल कंपनीनं बंद केलंय, नवीन घ्या. यंत्र धडधाकट, दिवे चालू, भिंग साफ, पण तुमच्या सॉफ्टवेअरनं त्याला ओळख द्यायचंच सोडलं. अण्णा टोपी घालून डावीकडं बघतोय, बस सरळ बघतीय. त्याला वाटलं लकवा परत आला. मला हाक मारली न्हाई. तासाभरानं गेलो तर तसाच बसलेला, घामानं भिजलेला. म्हणला, संग्या, माझी मान वळतीय का बघ रं. मी त्याच्या पुढं आरसा धरला.

दुसऱ्या दिवशी यंत्र खोललं आन आतलं वाक्य काढून घेतलं. तुला फोन केला असता तर तू नवीन पाठवलं असतंस, मालूम हाय. अण्णाला पाठवलं असतंस. अभिमन्यूला कोण पाठवणार?

आता माझं ऐक. २०१७ च्या उन्हाळ्यात, तुझं इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष व्हतं, दुकानाच्या माडीवर आपण दोघांनी हौसेखातर हा हिशेब पहिल्यांदा मांडला, वळण त्याच्यावरच चालतं. तीन दिव्यांवरून डोकं किती फिरलं ते कसं काढायचं. तुझं अक्षर, माझी वही. वही माझ्यापाशी हाय. तू तोच हिशेब घेऊन त्या कंपनीत गेलीस, आन आज तो कंपनीचा झाला. तू नेलं तर नोकरी, मी घेतलं तर चोरी.

नोटिशीच्या उत्तरात मी वहीचे फोटो जोडणार हाय. अण्णाचा जबाबबी जोडणार हाय. तुझं काय व्हईल ते तू बघ.

संगमेश


नांदूरघाट
१० मार्च २०२५

शिवानीस, आन संग्यास,

दोघांला एकच मजकूर लिहितो. एक प्रत संग्याच्या हातात देणार, दुसरी तुला पोस्टानं. उजव्या हातानं लिहितोय, वेळ लागतो. मधी बोलू नका.

संग्यानं माझ्यापुढं जबाबाचा कागद ठेवला. मी सही केली न्हाई. मग त्याच्याकडून शिवानीची पत्रं मागून घेतली आन वाचली. माझ्या मानेवर तुमी दोघं इतकं लिहिताय आन मला एका शब्दानं विचारलं न्हाई. परवा संग्यानं विजयसिंह पुढाऱ्याला घरी आणलं. मला टोपी घालून बसवलं, फोटो काढले. मी गेम खेळतो ते मला बरं वाटतं म्हून. कुणाच्या केसमधी दाखवाया न्हाई.

मला समजलं ते असं. संग्या म्हणतो, गेमला फक्त सहा आकडे लागतात. मान डावी-उजवी किती, वर-खाली किती, खांद्याकडं किती कलली. आन डोकं पुढं-मागं, बाजूला, वर-खाली किती सरकलं. ते सहा आकडे माझे हायत, कंपनीचे न्हाईत. पण ते वाक्य कंपनीचं हाय. दुसऱ्याच्या नावाचा पास दाखवून मी कधी टेम्पो नाक्यावरून नेला न्हाई. संग्या, ते काढ.

शिवानी, तुला वेगळं सांगतो. सव्वीस वर्षं बीडच्या बाजार समितीत माल उतरवला. फाटकावर माल बघायचे, वजन बघायचे. टेम्पो कुठल्या कंपनीचा हाय हे कधी विचारलं न्हाई. तसं विचाराया लागले असते तर बाजार एका आठवड्यात बसला असता. ते गेमवाले फाटकावर नुसते सहा आकडे का घेत न्हाईत, हे त्यांला कुणी विचारलंय का? तू विचारलंस का? तुला विचारता येतं, त्याला येत न्हाई, त्याला फक्त भांडता येतं.

ते हुईपर्यंत मी टोपी घालणार न्हाई. तुझं यंत्रबी नको, ह्याचं वळणबी नको.

गुरुपाद


पुणे
१२ जून २०२५

संगमेश,

तीन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालेलं नव्हतं. आता झालं आहे.

आधी एक गोष्ट, जी तुला माहीत नाही. अण्णांचं मॉडेल बंद करायचं ठरलं त्या बैठकीत मी होते. सात जण होतो. कुणाकुणाकडे ते यंत्र अजून आहे याची यादी पडद्यावर होती आणि त्यात माझं नाव होतं. मला अण्णा आठवले. तरी मी हात वर केला, कारण सगळ्यांनी केला होता आणि पुढच्या मॉडेलचं काम माझ्याकडे येणार होतं. वाटलं, नवीन पाठवून देऊ. मग कामात राहून गेलं. तू आरसा धरल्याचं वाचलं तेव्हा मी पत्र फाडलं आणि परत चिकटवलं.

चौकशीत तुझी वही पुढे आली. तू फोटो पाठवलेच, अण्णांचा जबाब नसला तरी. करिष्मा मॅडमनी विचारलं, "हे तुमचं अक्षर आहे?" मी हो म्हटलं, आणि कंपनीत येण्याआधीचं आहे हेही लिहून दिलं. मूळ हिशेब कंपनीचा नाही हे कोर्टात उघड झालं असतं, म्हणून त्यानंतर कंपनीला तिकडे जायची घाई राहिली नाही. तुझ्यावरची नोटीस त्यांनी मागे घेतली, अट एकच, वाक्य निघालं पाहिजे. माझ्याकडून राजीनामा घेतला. सात वर्षांच्या कामानंतर खोकं रिकामंच राहिलं, कारण त्यातलं माझं म्हणून काही बाहेर नेताच येत नव्हतं.

एप्रिलभर बसून मी एक दस्तऐवज लिहिला. बावीस पानं. सहा आकडे कुठल्या क्रमाने पाठवायचे, कुठल्या मापात, सेकंदाला किती वेळा. ओळख विचारायची नाही, वाक्य नाही. कुणीही वापरावं, कुणीही दुरुस्ती सुचवावी. दुरुस्ती बरोबर असेल तर घ्यावीच लागेल आणि सुचवणाऱ्याचं नाव शेवटी छापावं लागेल, असा नियम घातला आहे. तो दोन्ही गेमच्या कंपन्यांना पाठवून अण्णांचाच प्रश्न विचारला. बसवाल्यांनी तीन आठवड्यांनी उत्तर दिलं. म्हणाले, आम्हाला आजवर असं कुणी लिहूनच दिलं नव्हतं, तुमच्या कंपनीने स्वतःची पद्धत लिहून दिली होती म्हणून ती घेतली. ट्रॅक्टरवालेही तयार आहेत. पुढच्या आवृत्तीत दुसरं दार उघडतील. मात्र चोरलेलं वाक्य असलेलं सॉफ्टवेअर त्या दाराशी चालणार नाही.

तेव्हा वाक्य काढ. आणि तुझ्या पानावर लिही, की ते माझ्या बहिणीने वडिलांना दिलेल्या यंत्रातून मी न विचारता घेतलं होतं. याच शब्दांत.

हे मी तुझ्यासाठी केलेलं नाही. तू माझं अक्षर त्यांच्यासमोर टाकलंस, ते मी विसरणार नाही.

शिवानी


नांदूरघाट
२ सप्टेंबर २०२५

अक्का,

वाक्य जूनमधीच काढलं. तू सांगितलेल्या शब्दांत लिहिलं. दोन महिने अकराशे लोकांचे गेम बंद पडले आन त्यांनी मला नको नको ते लिहिलं. अभिमन्यू दुकानात येऊन म्हणला, "तू घाबरलास बे." मी म्हणलो हो. नोटिशीला न्हाई, अण्णाला.

वीस ऑगस्टला गेमची नवीन आवृत्ती आली. दार उघडलं. अण्णानं टोपी घातली, डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आन बस काढली. वरच्या फळीवरचं तुझं जुनं यंत्रबी मी त्या दारातून चालवून बघितलं. चालतं.

बैठकीतलं तू लिहिलंस, ते मी अण्णाला वाचून दाखवलं न्हाई. दाखवावं असं लई वेळा मनात आलं.

आता नवीन कटकट. तुझा दस्तऐवज वळणाच्याच पानावर हाय, म्हून दुरुस्त्या माझ्याकडं येतात. काल तुझ्या दस्तऐवजावर एक दुरुस्ती आली. खाली करिष्मा मॅडमचं नाव. त्यांच्या नवीन यंत्रालाबी आता आपल्याच दारातून जायचंय, कावून की लोक विचाराया लागलेत. ज्या बाईनं तुला खुर्चीवरून उठवलं तिनं आपल्या बावीस पानांत एक ओळ घालावी? मी नाकारणार हाय. आन पुढं एक कलम टाकणार, ज्यांनी आधी कुलूप लावलं त्यांला हे वापरता येणार न्हाई. तुझी हरकत नसंल असं धरतो.

संगमेश


पुणे
९ सप्टेंबर २०२५

संगमेश,

हरकत आहे.

असं कलम टाकलंस की फाटकावर परत एक माणूस उभा राहिला, टेम्पो कुणाचा हे विचारणारा. तो माणूस तू असशील एवढाच फरक. त्यासाठी मी नोकरी घालवलेली नाही.

करिष्मा मॅडमचं नाव वाचून मला काय झालं ते तुला सांगायची गरज नाही. पण उघडं म्हणजे त्यांच्यासाठीही उघडं. तुला ते जमत नसेल तर वळण बंद कर आणि किराणा तोल.

दुरुस्ती मी मुद्दाम वाचलेली नाही. माझ्याकडून न्याय होणार नाही. तू तपास. चूक असेल तर नाकार, बरोबर असेल तर घे. दुसरं काही बघायचं नाही.

मला इथे दुसरीकडे काम मिळालं आहे, गोदामातल्या यंत्रांचं. डोक्याशी, मानेशी, गेमशी काही संबंध नाही.

शिवानी


नांदूरघाट
२८ सप्टेंबर २०२५

अक्का,

मॅडमची दुरुस्ती आठ दिवस तपासली. चूक सापडावी म्हून तपासली, हे आधीच सांगतो. अभिमन्यूला बसवलं, दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांला टोप्या घातल्या, ट्यूबलाइट लावून बघितलं, विझवून बघितलं. तुझा हिशेबबी परत पहिल्यापासून मांडला.

सापडली ती तुझी चूक. तेराव्या पानावर. माणूस पुढं वाकतो तेव्हा डोकं सरकतंबी आन कलतंबी, त्यातलं आधी काय मोजायचं हे तू उलटं लिहिलं व्हतंस. २०१७ च्या वहीतबी तसंच उलटं हाय. आपण दोघांनी मिळून केलेली चूक. मॅडमनं ती तीन ओळींत सरळ केली. कुणाला दोष न देता, नीट लिहिलंय.

हे तुला कळवावं का न्हाई, हा विचार तीन दिवस केला. मग तूच म्हणलीस, दुसरं काही बघायचं न्हाई.

दुरुस्ती घेतली. कलम टाकलं न्हाई. शेवटच्या पानावर तुझं नाव, त्याच्याखाली तुझ्या नियमापरमाणं मॅडमचं नाव. माझं न्हाई, मी त्या बावीस पानांत एक ओळबी लिहिलेली न्हाई.

काल सकाळी अण्णा बसला. चौकातनं गाडी काढताना तो पुढं वाकून काचेतून डावीकडं बघतो, टेम्पोत बघायचा तसा. तसं वाकलं की चित्र थरथरायचं. आमाला वाटायचं त्याचंच अंग थरथरतंय, म्हून कुणी बोलत नव्हतं. काल थरथरलं न्हाई. तो परत मागं झाला, परत वाकला, चार वेळा. मग मला म्हणला, "हे कुणी नीट केलं?"

मी म्हणलो, "अक्काच्या कंपनीनं."

अण्णानं पडद्यावरची नजर काढली न्हाई. म्हणला, "तिची कुठली कंपनी आता." आन गाडी पुढं काढली.

संगमेश